बन्सीभाऊंचं हसू

मी बदली होऊन वडीगोद्रीच्या शाळेत आले, तेव्हा शेजारणीनं मला घरमालक बन्सीभाऊंची ओळख करून दिली ती अशी : "मोटारी भरत्यात. अन् कोणाकडं मयत झाली की पहिले असत्यात."

मोटारी भरणं लगेच कळलं. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की आतली जुनी तार काढून नवी गुंडाळून द्यायची. हायवेच्या कडेला पत्र्याचं दुकान होतं, आणि दुकानामागं त्यांचं घर. घराच्या वरच्या दोन खोल्यांत मी भाडेकरू. दुसरी गोष्ट मात्र माझ्याच घरात मरण आलं तेव्हा कळली.

आई माझ्याकडे राहायला आली होती. रविवारी दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. नवरा नांदेडला नोकरीत, नातेवाईक जालन्याहून निघायचे होते, आणि मी नुसती उभी. बन्सीभाऊ काळ्या हातांनी वर आले, दारातच थांबले. म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडं कसं असतं ते मला बराबर ठाऊक न्हाई. तुमी सांगा, मी करतो. चुकलो तर टोका."

मी सांगितलं तेवढं आणि मला सांगता आलं नाही तेही त्यांनी केलं. पांढरं कापड आणलं, गावातल्या आमच्या बौद्ध वस्तीतून बुद्धवंदना घेणाऱ्या काकांना बोलावून आणलं. पण त्या सगळ्याच्या आधी त्यांनी माझा मोबाईल उचलून चार्जिंगला लावला. "आता लई फोन येतील. बंद पडला तर लांबची माणसं घाबरत्यात." आई चांगली होती, तिचं सोनं झालं, असलं काही ते बोलले नाहीत. संध्याकाळी सगळं उरकल्यावर पायरीवर बसून एवढंच म्हणाले, "आईनं परवा मला इचारलं, एका मोटारीत तार किती बसती? इतक्या वर्षांत कोणी घरच्या माणसानंसुदीक इचारलं नव्हतं."

त्या दिवशी मी तेव्हा पहिल्यांदा रडले.

ही त्यांची रीत होती. गेलेल्या माणसाची एकच बारकी गोष्ट ते सांगायचे. आमच्या भागात मातीला, म्हणजे अंत्यविधीला, गेलं की भाषणं होतात. पुढारी येतात, 'न भरून निघणारी पोकळी' भरेपर्यंत बोलतात. बन्सीभाऊंना शेवटी उभं करायचे, आणि ते दोन मिनिटांत खाली बसायचे. रंगनाथअण्णा म्हणून एक महाचिकट गृहस्थ वारले, तेव्हा त्यांच्याबद्दल चांगलं काय बोलावं हे कुणाला सुचेना. बन्सीभाऊ म्हणाले, "अण्णांनी कोणाचं भांडं नेलं तर घासून परत करायचे. ताट म्हनू नका, बादली म्हनू नका. मी पाह्यलंय." एवढं ऐकून अण्णांच्या सुना रडल्या; त्या इतका वेळ नुसत्या बसून होत्या.

उंच, किडकिडीत माणूस. कानावर पेन्सिल. वडील मेंढरांमागं आयुष्यभर चाललेले, ती लांब ढांग आणि ते गप्प राहणं दोन्ही यांच्यात उतरलेलं. दुःखाच्या घरी गेले की मध्ये कधी बसायचे नाहीत. उंबऱ्याशी, चपलांच्या जवळ बसायचे. आत कुणाला काय लागतंय ते तिथून दिसतं म्हणायचे. "रडणाऱ्याला पाणी द्यावं, शाणपण न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि दुसरं : "ज्याचं माणूस गेलं त्याला एक काम सांगावं. रिकामं बसू देऊ नये अन् धावायला पण लावू नये." पोरका झालेला दांडगा पोरगा मग गुपचूप म्हशीला पाणी पाजून यायचा.

हसायचे ते मिशीतल्या मिशीत. त्यांचा हसण्याचा आवाज मी कित्येक दिवस ऐकलाच नव्हता.

आजार आला तो चोरपावलांनी आला. बोटांना तार कळेना झाली. तापलेल्या इस्त्रीसारख्या मोटारीवर हात टेकायचा, त्यांच्या बायको, मीरावहिनी, ओरडायच्या, तेव्हा यांना कळायचं. मग उन्हाळ्यात उजवा पाय ओढायला लागला. एका डोळ्यापुढं धुकं आल्यासारखं व्हायचं आणि आठ-पंधरा दिवसांत निवळायचं. "लोड आलाय," म्हणायचे. त्यांच्या धंद्यात सगळं लोडनंच बिघडतं.

आणि मग हसू आलं.

पहिल्यांदा आलं ते घरातच. मीरावहिनींच्या हातून पिठाचा डबा सांडला आणि बन्सीभाऊ मोठ्यानं हसायला लागले. आम्हीही हसलो. आमचं थांबलं तरी यांचं चालूच. वहिनी म्हणाल्या, "अहो, बस की आता." त्यांनी हातानं तोंड दाबून धरलं. तेव्हा मला त्यांचे डोळे दिसले. ते हसत नव्हते.

त्यानंतर महिनाभरात किसनतात्यांची तेरवी होती. तात्या गावातले मानाचे, बन्सीभाऊंच्या वडिलांना मेंढरं बसवायला हक्कानं शेत देणारे. कीर्तन झालं, मांडव भरलेला, मी बायकांत बसले होते. बन्सीभाऊंना दोन शब्द बोलायला उठवलं.

"तात्यांच्या शेतात," त्यांनी सुरुवात केली, "माझा बाप मेंढरं घेऊन गेल्ता, अन् तात्या..."

एवढ्यात ते आलं. आधी खांदे हलले. मग आवाज फुटला. भरल्या मांडवात, फोटोला हार घातलेला, तात्यांची बायको समोर डोक्यावर पदर घेऊन बसलेली, आणि हा माणूस माईकमध्ये खो-खो हसतोय. माईक बाजूला करायचंही त्यांना सुचेना. डोळ्यांतून पाणी, चेहरा पिळवटलेला, एका हातानं ते 'थांबा, थांबा' करत होते. लोकांना की स्वतःला, कोण जाणे. तात्यांचा पुतण्या पुढं आला. "पिऊन आलास का रे?" म्हणत त्यानं दंडाला धरून ओढलं. पाय मुळातच लुळा पडायला लागलेला. बन्सीभाऊ जेवणाच्या पंक्तीसाठी अंथरलेल्या पट्ट्यांवर आडवे झाले. आडव्या माणसालाही हसू आवरेना.

दारूचा थेंब कधी तोंडाला न लावलेला माणूस त्या दिवशी गावाच्या लेखी बेवडा ठरला. ज्यांना ते पटलं नाही त्यांनी बाधा ठरवली. वहिनी बिचाऱ्या एका देवऋष्याकडं घेऊन गेल्या. त्यानं लिंबू ओवाळलं, अंगारा फुंकला, आणि बन्सीभाऊ त्याच्याही तोंडावर हसले. देवऋषी इतका चिडला की दक्षिणाही न घेता उठून गेला. पुढं बऱ्या दिवसांत वहिनी हे सांगताना म्हणायच्या, "तेवढा एक फायदा झाला."

त्यानंतर मयतीचे फोन बंद झाले. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही. गावात माणूस जायचा, गल्लीतून माणसं पांढरे रुमाल बांधून निघायची, आणि बन्सीभाऊ दुकानात मोटारीपुढं बसून राहायचे. कुणी गेल्याचं कळलं की पूर्वी हातातलं टाकून उठायचे. आता उठायचे, दारापर्यंत यायचे आणि परत जाऊन बसायचे.

पाय जास्तच ओढायला लागला तेव्हा अंबडच्या डॉक्टरांनी संभाजीनगरला पाठवलं. तिथं मोठ्या मशीनमध्ये घालून मेंदूचे फोटो काढले. मल्टिपल स्क्लेरोसिस. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी समजावलं, की नसांवर एक आवरण असतं, ते जागोजागी खराब झालंय, म्हणून निरोप नीट पोचत नाहीत. बन्सीभाऊ म्हणाले, "म्हंजी तारंवरचं वार्निश गेलं."

"बरोबर."

"नवं भरता येतं?"

"गेलेलं नाही भरता येत. पण अजून जाऊ नये म्हणून औषध आहे. तुमच्यासारखे पुष्कळ लोक नीट जगतात, काम करतात."

हे सगळं त्यांनी घरी येऊन मला जसंच्या तसं सांगितलं. हसण्याबद्दल मात्र त्यांनी डॉक्टरांना विचारलंच नव्हतं. पायाचं सांगितलं, डोळ्याचं सांगितलं, लघवीचंसुद्धा सांगितलं. हसण्याची लाज वाटली. तो आजाराचा भाग असेल असं ना त्यांना वाटलं, ना आम्हाला.

पुढचे महिने वाईट गेले. इंजेक्शनं सुरू होती, पाय थोडा सुधारलाही, पण माणूस विझत चालला. दुकान उशिरा उघडायचं, मग उघडेना. ते भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. जेवणाचं ताट वहिनी भरून ठेवायच्या आणि भरलेलंच उचलायच्या. आणि यातलं काही कुणाला पटेना. भेटायला माणूस आलं की यांना हसू यायचं. जालन्यात बियाणे कंपनीत नोकरीला असलेला धाकटा भाऊ आला, त्याच्यापुढंही तेच. तो जाताना मला जिन्यात म्हणाला, "वैनी उगंच घाबरून राह्यल्या. दादा तर मजेत हाये. हसून हसून बेजार."

एका दुपारी मी शाळेतून आले तर बन्सीभाऊ पायरीवर बसलेले. मीही थांबले. तसे ते म्हणाले, "मॅडम, माझं तोंड हसतंय अन् मी आत रडून राह्यलो. हे कोणाला सांगू? सांगाया गेलो की हसू येतं. मंग कोण खरं मानंल?"

मी म्हणाले, "मी मानते."

"तुमी मानताल," ते म्हणाले. पुढचं वाक्य हसण्यात बुडालं. मी तिथंच बसून राहिले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मीरावहिनी मधल्या सुट्टीत शाळेत आल्या. कधीच न येणारी बाई, तीही पायात वेगवेगळ्या चपला घालून. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, हे सगळं वाटून राह्यलेत. पान्हे देऊन टाकले. तारा गुंडाळायचं मशीन गेवराईच्या माणसाला देतो म्हन्ले. अन् मला शिकवून राह्यलेत, कोण्या मोटारीला कितीचे फेरे घ्यायचे. मी म्हन्लं, मला काऊन शिकवता? तर म्हन्ले, कळप पुढं जात असतो, लंगडी मेंढी मागं ठेवावी लागती."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हन्लं, खोटं बोलू नका. मी पण मेंढरातच वाढले. माझा बाप लंगडीला तट्टावर घालायचा अन् स्वतः पायी चालायचा." एवढा वेळ धीरानं बोलणाऱ्या वहिनींचा आवाज तिथं मोडला. "पण मॅडम, हे ऐकूनच न्हाई राह्यले."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं संभाजीनगरला गेलो. बन्सीभाऊंना सांगितलं, तपासणीची तारीख आहे. मी बाहेरच बसणार होते, पण वहिनींनी हात सोडला नाही, म्हणून आत दाराजवळ उभी राहिले.

वहिनींनी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. मांडवातलं हसणं, भिंतीकडं तोंड, पान्हे, मेंढी. बन्सीभाऊ खाली बघत होते. डॉक्टरांनी हातातलं पेन ठेवलं आणि सरळ विचारलं, "बन्सीभाऊ, मरून जावं असं वाटतं का?"

आणि त्यांना हसू आलं. तेच मांडवातलं, खांदे हलवणारं. वहिनींनी पदर तोंडात घेतला. बाहेर पेशंट खोळंबलेले, एक माणूस दार लोटून आत डोकावून गेला. डॉक्टरांनी कागदात बघितलं नाही, घड्याळात बघितलं नाही. त्यांच्याकडे बघत स्वस्थ बसल्या. हसू वर चढलं, उतरलं, पुन्हा एकदा उसळलं आणि थांबलं. बन्सीभाऊंनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

मग डॉक्टरांनी तोच प्रश्न त्याच आवाजात पुन्हा विचारला.

"वाटतं," बन्सीभाऊ म्हणाले. "रोज वाटतं."

"सांगितलंत, फार बरं केलंत. आता ऐका. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे जे हसू येतं, ते तुमच्या मनातलं नाही. हसणं-रडणं आवरणाऱ्या नसांवर घाव आहे, म्हणून ते आपोआप येतं. कुणाला रडू येतं, तुम्हाला हसू येतं. आणि मन जे खचलंय ते खरं आहे. तेही या आजारात पुष्कळांना होतं. दोन्हीवर उपचार आहेत."

बन्सीभाऊंनी मान वर केली. "म्हंजी मी येडा न्हाई?"

"नाही."

"अन् बाधा?"

"बाधाही नाही."

त्यांनी वहिनींकडं बघितलं. "आयकलं का? तात्यांच्या तेरवीत मी न्हवतो हसलो." आणि मग ते रडले. हे रडणं त्यांचंच होतं. त्याला सुरुवात होती, शेवट होता. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला.

त्याच दिवशी मनाच्या डॉक्टरांना दाखवलं. गोळ्या सुरू झाल्या. दर आठवड्याला फोनवर बोलणारी एक ताई नेमून दिली. वहिनींना सांगितलं, यांना सध्या एकटं सोडू नका, आणि घरात फवारणीचं औषध असेल तर आजच बाहेर काढा. ते काढून धाकट्या दिरानं नेलं. नेताना त्याचं तोंड उतरलेलं होतं. "दादा, मला वाटलं तू खरंच हसून राह्यला," एवढंच म्हणाला.

गोळ्यांनी काही जादू झाली नाही. पहिले काही आठवडे झोपच फार यायची. मग एक दिवस ते दाढी करताना दिसले. मग ताटात भाकरी मागून घेतली. हसू यायचं थांबलं नाही, पण कमी झालं. आधी ते झडप घालायचं. आता येण्यापूर्वी त्यांना चाहूल लागायची आणि ते हात वर करून खूण करायचे. दुकान वहिनींनी उघडलं. तारेचे फेरे त्यांना येतच होते. भाऊ बाजूला खुर्चीवर बसून सांगायचे आणि वहिनी त्यांचं न ऐकता बरोबर भरायच्या.

गाव मात्र अजून लांबच होतं. आणि अशात शेवंतामावशींचा मुलगा गेला.

मावशी आमच्या मागच्या गल्लीतल्या. लवकर विधवा झालेल्या, एकुलता मुलगा. हायवेवर मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. माती झाली, राख सावडली, दिवस झाले, पण मावशी रडल्या नाहीत. बोलल्या नाहीत. भिंतीला टेकून नुसत्या बघायच्या. भेटायला येणाऱ्या बायका त्यांना रडवायचा प्रयत्न करायच्या, मुलाचं नाव काढून गळ्यात पडायच्या. मावशी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि तशाच बघत राहायच्या. मग एका सकाळी त्यांनी तोंड उघडलं ते म्हणाल्या, "बन्सी कसा आला न्हाई?"

भाऊबंद चपापले. "काकू, त्यो आजारी हाये. त्याला हसू येतं."

"येऊ द्या."

"तुझ्या दारात हसल्यालं बरं दिसंल का?"

"माझं दार हाये," मावशी म्हणाल्या. "बोलवा त्याला."

निरोप आला तेव्हा बन्सीभाऊ दारापर्यंत आले आणि परत जाऊन बसले. "न्हाई जमायचं," म्हणाले. वहिनींनी धुतलेला शर्ट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. तासाभरानं भाऊंनी तो घातला. काठी टेकत, मध्ये दोनदा थांबत, एका गल्लीचं अंतर आम्ही सावकाश चाललो.

उंबऱ्याशी ते बसू लागले, तर मावशी म्हणाल्या, "इकडं ये. जवळ."

ते जवळ जाऊन बसले. ओठ घट्ट मिटलेले. म्हणाले, "मावशे, मला हसू येईल. ते माझं नसतं. आधीच सांगतो."

"मला रडू येईना अन् तुला हसू आवरंना," मावशी म्हणाल्या. "बस. काही बोल माझ्या लेकराचं."

बन्सीभाऊंनी सुरुवात केली. "मोटार न्यायला आल्ता एकदा. मी म्हन्लं, जड हाये, माणूस घे बरोबर. तर म्हन्ला, भाऊ, मायनं मला रोज दोन भाकरी ज्यादा चारल्यात, त्या कधी कामाला..."

आणि हात वर झाला. हसू आलं. खोलीत बसलेल्यांनी माना खाली घातल्या. दाराशी उभा असलेला एक जण "काय हे" म्हणत बाहेर गेला. बन्सीभाऊ हसत होते, डोळे मावशींवर रोखलेले, जणू तेवढ्या डोळ्यांनीच माफी मागत होते. मावशी पुढं सरकल्या. त्यांनी दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं, हसणारं, गदगदणारं डोकं, आणि स्वतःच्या खांद्यावर टेकवून घेतलं, जसं रडणाऱ्या लेकराचं घेतात. "असू दे," म्हणत राहिल्या. "असू दे, माझ्या राजा. असू दे." आणि म्हणता म्हणता त्यांचा आवाज फाटला. इतके दिवस अडकलेलं रडू असं बाहेर आलं की गल्लीतल्या बायका धावत आल्या.

बराच वेळ ते दोघं तसेच होते. कुणाचं काय चाललंय हे आवाजावरून कळत नव्हतं. शेवटी दोघंही दमले. बन्सीभाऊंनी कुणाला तरी खूण केली, पाणी आलं. आधी मावशी प्याल्या, मग ते.

त्यानंतर गावानं त्यांना एकदम पूर्वीसारखं डोक्यावर घेतलं असं नाही. काही घरांनी मी तिथं असेपर्यंत बोलावलं नाही. तात्यांचा पुतण्या समोर आला की रस्ता बदलायचा, कधीतरी मोटार घेऊन आला आणि खाली मान घालून, "काका, पाय कसा हाये?" विचारून गेला, तेवढंच. भाषण बन्सीभाऊंनी पुन्हा केलं नाही. पण बोलावतील तिथं जायचे, आणि दारातच सांगायचे, "मला हसू येईल, मनावर घेऊ नका." वाईट दिवस तरीही यायचे. कधी पाय, कधी मन. मन खचायला लागलं की वहिनींना स्वतःहून सांगायचे, "आज बरं न्हाई. त्या ताईला फोन लाव." मला त्यांचं हे सांगणं त्यांच्या सगळ्या भाषणांपेक्षा मोठं वाटतं.

माझी बदली धावड्याला झाली, भोकरदनच्या पार टोकाला. सामानाचा टेम्पो सकाळीच आला. बन्सीभाऊ आता बहुतेक वेळ चाकाच्या खुर्चीत असायचे; वहिनींनी ती खुर्ची लिंबाच्या सावलीत आणून ठेवली होती. सामान चढलं, दोर बांधून झाले. मी निरोप घ्यायला गेले. त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं आणि हात वर केला.

ड्रायव्हर परक्या गावचा. "चला मॅडम, जल्दी करा, ऊन होईल," तो ओरडला. हसण्याचा आवाज ऐकून तोही हसायला लागला होता.

"थांबा जरा," वहिनी त्याला शांतपणे म्हणाल्या. "ह्यांचं होऊ द्या."

आम्ही थांबलो. वहिनी, मी, मागच्या गल्लीतून आलेल्या शेवंतामावशी. टेम्पोचं इंजिन चालू होतं ते ड्रायव्हरनं बंद केलं. हसू ओसरलं. बन्सीभाऊंनी डोळे पुसले, टेम्पोकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "धावडा डोंगराच्या आंगाला हाये मॅडम, रात्री थंडी लई पडती तिकडं. अन् तुमी पांघरुणं सगळी खाली दाबून टाकली. आज गेल्या गेल्या काय घेऊन झोपताल?"

मग त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली, दोर सोडायला लावला, आणि खुर्ची टेम्पोजवळ ढकलून घेत, कोणती गाठोडी आधी काढायची ते बोटानं दाखवायला लागले.